महानंदाचा डावा तळहात

सकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि फोन वाजला. लातूरहून शिवाचा, माझ्या मैत्रिणीच्या मुलाचा. "मावशी, अव्वा गेली. पहाटं लिंगैक्य झाली," एवढं बोलून तो थांबला. दूध उतू चाललं ते सुनेनं येऊन बंद केलं. मग शिवा नाक ओढत म्हणाला, "शेवटपर्यंत पाण्याचा पेला उचलू दिला न्हाई मी तिला. एवढं तरी समाधान हाय मावशी." जिवाभावाचं माणूस गेल्याचं कळलं की आधी रडू यावं. मला रडू आलं नाही, संताप आला. आज महिना उलटून गेला तरी तो उतरत नाही. गणाराधनेच्या, म्हणजे दिवसांच्या, जेवणाला एक पुढारी माणूस उभा राहिला आणि माईकवर म्हणाला, की असा मुलगा घरोघरी जन्मावा, आईला यानं हात म्हणून हलवू दिला नाही. लोकांनी माना डोलावल्या. बायकांनी डोळ्याला पदर लावले. मी ताटावरून उठून हात धुवायला गेले आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिले... मागं येऊन शिवा म्हणाला, "मावशी, तुमचं लिहिलेलं पेपरच्या पुरवणीत येतं. अव्वावर चार शब्द लिहा की. सेवेचं बी लिहा." लिहिते बाबा. सेवेचंच लिहिते.

महानंदा आणि मी औशाच्या एका गल्लीतल्या. आमची शेती, त्यांचं दुकान. आम्ही मराठे, ते लिंगायत, पण दोन घरांत भिंत एकच होती आणि त्या भिंतीला आम्ही पोरींनी जुमानलं नाही. नंदा म्हणजे अखंड बडबड. चिंचा फोडताना बोलायची, वेणी घालताना बोलायची, तोंडात घास असला तरी बोलायची. दिवसातली पंधरा मिनिटं तेवढी ती गप्प असायची, सकाळच्या लिंगपूजेला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्यांच्यात गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत. पूजेला ते बाहेर काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, छातीसमोर धरायचं आणि उजव्या हातानं पाणी, विभूती, फूल वाहायचं. देव्हारा लागत नाही, पाट लागत नाही. आपला तळहात हाच देव्हारा. मी उंबऱ्यावर बसून बघायचे आणि तिला हसवायला तोंडं वाकडी करायचे. ती हसली नाही कधी. पूजा झाली की उठून आधी मला एक धपाटा घालायची. पुढं ती लग्न होऊन लातूरला गंजबाजारातल्या भुसार दुकानदाराकडं गेली आणि मी नांदेडला आले. पण एसटी आहे म्हटल्यावर लातूर नांदेड काय लांब आहे? वर्षातून चारदा तरी आमची गाठ पडायची. नवरा गेल्यावर तिनं दुकान सांभाळलं, शिवाला मोठं केलं, राजश्रीसारखी सून आणली. हमालांशी भांडायची, गिऱ्हाइकाला पाणी पाजायची, संध्याकाळी स्वतःच्या हातानं भाकरी थापायची. तिचे हात रिकामे मी पाहिलेच नव्हते.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या तोंडावर तिला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं शाबूत, उजवा हात शाबूत, डावा पाय ओढत का होईना चालायला लागला. डावा हात मात्र गेला. कोपरात दुमडून छातीशी आला आणि मूठ अशी वळली की अंगठाही आत. मी गेले तेव्हा शिवा तिला कडेवर घेतल्यासारखा उचलून संडासला नेत होता आणि लेकरासारखा रडत होता. लेकाची माया खोटी नव्हती, हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढं मी त्याच्यावर रागावणार आहे.

दवाखान्यातून सुटताना चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ऑक्युपेशनल थेरपी. खाली मराठीत व्यवसायोपचार. मी तिथंच असताना एका सकाळी स्कुटीवर एक सावळी, बारकी मुलगी आली. अश्विनी तिचं नाव, देवणीची. शिवा दारातच म्हणाला, "डॉक्टर, आईनं जन्मभर दुकान चालवलं. हिला आता कसला व्यवसाय शिकवता?"

"मी डॉक्टर न्हाई दादा, थेरपिस्ट हाय," ती म्हणाली. "दात घासणं, आंघोळ करणं, साडी नेसणं, भाकरी मोडून खाणं. माणसाचा रोजचा धंदा हाच की."

मग तिनं नाडी बघितली नाही की गोळी लिहिली नाही. नंदासमोर पाय मुडपून खाली बसली आणि विचारलं, "काकू, सकाळी उठल्यावर तुम्ही काय काय करत होता?"

"आता काय सांगू बाई. आता सगळे मिळून माझंच करतात."

"ते न्हाई विचारलं मी. तुम्ही काय करत होता?"

नंदानं गळ्यातल्या डबीवर उजवा हात ठेवला. मग म्हणाली, "लिंगपूजा."

"मला माहीत न्हाई ती कशी करतात. दाखवा बरं."

नंदानं उजव्या हातानं डावा हात उचलला, मांडीवर आणला आणि बोटं उलगडायला गेली. एक बोट उघडलं की दुसरं मिटायचं. चार वेळा केलं तिनं. मग तोंड भिंतीकडं फिरवलं... झटका आल्यापासून लिंग गळ्यातच होतं, डबीतून निघालंच नव्हतं. हे मला त्या दिवशी कळलं, तिच्या एवढ्या जवळच्या मैत्रिणीला. अश्विनी म्हणाली, "मग आपण हेच करू. तुमच्या तळहातावर लिंग बसलं पाहिजे, तुमचं तुम्ही बसवलेलं."

त्यानंतरचे महिने मी येऊन जाऊन पाहिले. सोपं काही नव्हतं. आधी टेबलावर फडकं आणि फडक्यावर दोन्ही हात, उजव्यानं डाव्याला ओढत टेबल पुसायचं. मग परातीत ज्वारी घेऊन त्यात हात खुपसायचा. मूठ सोडवायची त्यांची एक रीत आहे. बोटं ओढायची नाहीत, ओढली की ती आणखी आवळतात. आधी मनगट खाली वाकवायचं, मग अंगठा मुळापासून धरून बाहेर काढायचा, की बोटं आपसूक सैल होतात. मग ओलं पीठ. भाकरी थापताना तळहात उघडावाच लागतो, म्हणून रोज एक भाकरी तिची. पहिल्या भाकरीला बघून ती म्हणाली, "हे काय, देवणी तालुक्याचा नकाशा झाला की." ब्लाऊज घालताना अधू हात आधी, काढताना तो शेवटी. हुकांच्या जागी चिकटपट्टी. ताट सरकू नये म्हणून खाली ओला पंचा. जेवलं की आपलं ताट आपण घासायचं, डाव्या हातानं धरायचं आणि उजव्यानं घासायचं. नंदा तिला शिव्या घालायची. "तुमच्या देवणीचा वळू बरा गं तुझ्यापेक्षा. तो तरी दुपारी बसतो." ती पोर हसायची आणि म्हणायची, "काकू, अजून दहा वेळा."

सगळ्यात अवघड काम मात्र तिनं राजश्रीला दिलं होतं. "वहिनी, तुम्ही हात मागं बांधून उभं राहायचं. काकूंना ब्लाऊज घालायला अर्धा तास लागू दे, पुढं व्हायचं न्हाई."

"मग पोरांचे डबे कधी करू?" राजश्री म्हणाली.

"डबे करून या. काकू कुठं पळून चालल्या?"

आणि राजश्री खरंच उभी राहायची, पदर तोंडात धरून. सासू घामाघूम होतेय, बाही सापडत नाहीये, आणि सून बघत उभी. आपल्याकडं ज्यांनी सुनेचा जन्म काढलाय त्यांना कळेल हे किती कठीण आहे. उचलून भरवणं सोपं असतं हो.

श्रावण सरता सरता नंदाचा फोन आला. "कौशे, काय करलालीस?" "लसूण सोलते." "ठेव तो लसूण. आज बसलं." काय बसलं हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेले. ती बुटक्या स्टुलावर बसली होती, डाव्या मनगटाखाली पंच्याची वळकटी, हात थरथरतोय, आणि उघड्या तळहातावर इष्टलिंग. उजव्या हातानं पाणी घातलं, विभूती लावली, फूल ठेवलं. पंधरा मिनिटं गप्प. मी पुन्हा उंबऱ्यावर. पण तोंड वाकडं करायचं सुचलं नाही मला... पूजा झाल्यावर म्हणाली, "बघलीस का? अन् आता रडू नकोस, पदर घाण होतो."

इथपर्यंतचं लिहायला हात चालतो. पुढचं लिहायचं नव्हतं. पण पुढचं लिहिलं नाही तर मग कशाला लिहायचं?

शिवानं घरावर माडी चढवली, तिची वास्तुशांती होती. घर पाहुण्यांनी भरलेलं. जेवणं झाली, नंदानं आपलं ताट उचललं, काठी टेकत मागल्या दारच्या नळावर गेली आणि रोजच्यासारखी घासायला बसली. सोलापूरच्या एक बाई आल्या होत्या, बड्या घरच्या. त्यांनी बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अगं बाई, सासूबाई भांडी घासतात का तुमच्यात?" राजश्री सांगायला लागली, "न्हाई हो, त्यांचा तो व्यायाम आहे, थेरपीवाल्या ताईंनी..." आणि मी मधेच तोंड घातलं. मी. जिला सगळं माहीत होतं ती मी. त्या बड्या बाईसमोर आपणही चार माणसांत बोललो असं वाटावं म्हणून म्हणा, किंवा या जिभेला हाड नाही म्हणून म्हणा, मी म्हणाले, "हाव की, राजश्रीला फुकटची मोलकरीण भेटली." सगळ्या हसल्या. नंदाही हसली. शिवा हातात पाण्याचा जग घेऊन दारात उभा होता, तो तेवढा हसला नाही. मी संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला आले, जेवले, झोपले. मला काही वाटलं नाही.

आठ दिवसांनी नंदाचा फोन. "पोरगी बंद केली गं."

"कोण पोरगी?"

"देवणीची. शिवा म्हणला, आता बस झालं अव्वा, लई कष्ट झाले तुला."

दिवाळीत गेले तर पुढच्या खोलीत दवाखान्यासारखी लोखंडी कॉट. नंदा त्यावर, पाठीशी उशा, अंगावर कोरी साडी, हाताशी एक घंटी. दिवसा एक बाई, रात्री एक बाई. घंटी वाजवली की पाणी तोंडाशी. दात त्याच घासणार, अंग त्याच पुसणार. उजवा हात धडधाकट असलेल्या बाईला चमच्यानं वरणभात भरवत होते. आणि तिनं हात पुढं केला की ती बाई म्हणायची, "राहू द्या आजी, साहेब मला बोलतील." शिवा मला अभिमानानं म्हणाला, "बघा मावशी, आता अव्वाला काहीच करावं लागत न्हाई." आले गेले त्याचं कौतुक करत होते. आपल्याकडं आजारी माणसाला राबवणं हे पाप आणि लोळवणं हे पुण्य, एवढाच हिशेब. तिची पूजासुद्धा तो करत होता. जंगमस्वामींना, त्यांच्यातल्या गुरूंना, विचारून. कॉटसमोर बसून आईचं लिंग स्वतःच्या तळहातावर धरायचा, सगळं मनोभावे करायचा, आणि ती बघायची. डावा हात पुन्हा छातीशी आला होता. मूठ मिटली होती.

तो दुकानात गेल्यावर ती मला म्हणाली, "कौशे, मला देव करून ठेवलंय गं. न्हाऊ घालतात, निवद दाखवतात. देवाला कुणी विचारतं का, तुझं तुला काही करायचंय का म्हणून?" मग हळूच म्हणाली, "बाकी त्यांना काय करायचं ते करू दे. पूजेचं तेवढं मला धरू दे म्हण. तुझं ऐकंल तो."

मी दुकानात जाऊन शिवाला सांगितलं. तो तराजू सोडून उठला, मला खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाला, "मावशी, हातातून पडलं तर? इष्टलिंग खाली पडलं तर प्राण गेल्यासारखं मानतात आमच्यात, माहीत हाय ना तुम्हाला? ती धसक्यानंच मरंल." भीती खरी होती त्याची, मी नाही म्हणत नाही. मग तो मान खाली घालून म्हणाला, "अन् लोकांनी काय बोलावं, मावशी? तुम्हीच म्हणला होता ना त्या दिवशी, मोलकरीण." टोमणा नव्हता त्याचा. पुरावा द्यावा तसं त्यानं ते माझ्यासमोर ठेवलं.

तेव्हा मी म्हणायला पाहिजे होतं, शिवा, माझी जीभ घसरली, मी चुकले, माझ्या एका वाक्यापायी आईचा हात बंद करू नको. म्हटलं नाही. लाज वाटली. चहा पिले आणि बसस्टँडवर आले. नंदाला जाऊन सांगितलंसुद्धा नाही, की तो नाही म्हणाला. ती वाट बघत असेल... शिवाचा राग येतो मला, त्या सोलापूरच्या बाईचा येतो, माईकवर बोलणाऱ्याचा येतो. पण या सगळ्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पुढं काय व्हायचं ते झालं. झोपून झोपून पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला, उन्हाळ्याच्या आधीच ती गेली.

मी पोचले तेव्हा आंघोळ घालून, विभूती लावून तिला भिंतीशी बसवलं होतं. त्यांच्यात जाळत नाहीत, बसवून समाधी देतात आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. घरातूनच हात नीट करून न्यावा म्हणून जंगमस्वामी म्हणाले, "डावा हात मोकळा करा." भावकीतले चौघं पुढं झाले. एकानं कोपर धरलं, दुसरा बोटं ओढायला लागला. बोटं निघेनात. जोर लावला की मनगट उलटं व्हायचं आणि मूठ आणखी मिटायची. कुणीतरी मागून म्हणालं, "राहू द्या, मुठीवरच ठेवा अन् कापडानं बांधा." शिवा रडत रडत आईचं एकेक बोट उकलत होता आणि ते पुन्हा मिटत होतं.

राजश्री पुढं आली. "सरका," म्हणाली. गरम पाण्यात फडकं पिळून तिनं मुठीला गुंडाळलं आणि तसंच धरून बसली. मग फडकं काढलं, मनगट हळू खाली वाकवलं, अंगठा मुळापासून धरून बाहेर घेतला, आणि बोटं एक एक करत सुटली. तळहात पांढराफटक पडला होता, नखांचे चार वण उमटलेले. स्वामींनी त्यावर लिंग ठेवलं.

शिवा बघत राहिला. "तुला कसं येतं हे?"

"रोज दुपारी करत होते," राजश्री म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. "तुम्ही दुकानात गेल्यावर. नंतर दिवसाच्या बाईनं तुम्हाला सांगितलं अन् तुम्ही बंद करायला लावलंत ना."

जिवंतपणी उघडू दिला नाही तो हात ती मेल्यावर आम्ही उघडला. माईकवर हे कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते.

परवा पुन्हा लातूरला गेले. शिवा भेटला, त्याला सगळं सांगितलं. माझं वाक्य, माझी चूक, तिनं माझ्याजवळ काय मागितलं होतं तेही. हे छापून येणार आहे हेही सांगितलं. "लिहा," म्हणाला. कॉट गेली होती, घंटी गेली होती, खोलीला नवा रंग लावायचा होता. तिची पूजेची जागा बघावी म्हणून मी आत गेले आणि त्या बुटक्या स्टुलावर बसले. शेजारच्या भिंतीत आडवा लोखंडी दांडा होता, अश्विनीनं बसवून घेतलेला, पूजा झाल्यावर नंदानं कुणाला हाक न मारता उठावं म्हणून. मधे वीतभर जागेवर तिच्या धरण्यानं त्याचा रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं. वाटेल तेवढी सेवा केली असती तरी तो रंग गेला नसता.

"मिस्त्री येणार हाय उद्या," शिवा म्हणाला. "तो दांडा काढून टाकतो. आता कोण धरणार?"

राजश्री दारातून म्हणाली, "राहू द्या."

माझे गुडघे आता बसले की उठू देत नाहीत. मी दांड्याला हात घातला, तिच्या हाताच्या जागीच हात पडला. शिवा मला उचलायला चटकन पुढं आला, सवयीनं.

"मागं हो," मी म्हटलं.

तो मागं झाला. हात पाठीमागं घेऊन उभा राहिला. मला वेळ लागला, पण उठले.